जाळीमागची एकतीस घरं

बुधवार, ११ मार्च १९६४ या दिवशी आदर्श ग्राम स्पर्धेची तपासणी समिती अकोला जिल्ह्यातल्या उमरडोह गावी आली. समितीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर मी होतो. त्या तपासणीची अकरा ओळींची बातमी आमच्या दैनिकात छापून आली. अकरा ओळींत एकही शब्द खोटा नव्हता, आणि ती वाचून त्या दिवशी गावात काय झालं हे कोणालाही कळलं नसतं. नंतर मी दोनदा एस. टी.ने उमरडोहला गेलो. ज्यांनी केलं, ज्यांनी पाहिलं आणि ज्यांनी सोसलं त्यांना विचारून घेतलं. आता क्रमाने लिहितो.

मूर्तिजापूरकडून गावात शिरताना डाव्या हाताला एकतीस घरांची वस्ती लागते. पूर्वी तिला महारवाडा म्हणत. १९५६ साली वस्तीने धम्मदीक्षा घेतली आणि भीमनगर अशी पाटी लावली. रस्त्याच्या उजव्या हाताला नाला आहे. पुढे शंभर पावलांवर ग्रामपंचायत, शाळा आणि गावची विहीर. कायद्याने ती विहीर सगळ्यांची आहे. १९५८ साली भीमनगरच्या दोन बायांनी तिच्यात पोहरा सोडला, तर दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्यावर रॉकेल तरंगत होतं. ते कोणी ओतलं याचा तपास लागला नाही. त्यानंतर बाया पुन्हा नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाझरेल ते पाणी वाटीने घागरीत भरायचं. एक घागर भरायला मार्चमध्ये पाऊण तास लागतो.

वस्तीने वेगळ्या विहिरीसाठी तीन अर्ज केले होते. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. तपासणी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करून शिफारस केल्यास विचार करता येईल, असं त्यात होतं. म्हणजे कोणीतरी अधिकारी येऊन ती घरं डोळ्यांनी पाहील, तेव्हाच विहिरीची गोष्ट पुढे सरकणार होती.

समिती येणार हे कळल्यावर सरपंच भगवंतराव पाटलांनी पुंजाजी शिरसाटला बोलावणं धाडलं. पुंजाजी दुसऱ्या महायुद्धात फौजेत होता, बर्माच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आला होता. तोफा आणि दारूगोळ्याच्या गाड्या विमानातून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळी घालायची, जाळीत बारदानाच्या रंगवलेल्या पट्ट्या आणि झाडाचा पाला गुंफायचा, हे काम त्याने दोन वर्षं केलं. या विद्येला फौजेत कॅमोफ्लाज म्हणत. गावाने त्या शब्दाचा कामफलाश केला होता. चीनच्या लढाईनंतर पंचायतीने त्याला हार घातला तेव्हा भाषणात तो शब्द सहा वेळा आला होता.

"बस, हवालदार," भगवंतराव म्हणाले.

"नायक व्हतो, पाटील."

"बरं नायक. रस्त्याच्या डाव्या अंगानं हिरवीगार भिंत पायजे मले. शाळेच्या कोपऱ्यापासून तं थेट नाल्याच्या पुलापावतर. तुहा तो कामफलाश."

"डाव्या अंगाले तं आमची घरं हायेत."

"म्हनूनच तं सांगून राहिलो. उघडं-नागडं दिसते रे ते. गावाले नंबर भेटला तं पयली विहीर तुमची. माहा शबूत घे."

पुंजाजीने तो शब्द घेतला. का घेतला, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अठरा वर्षांत कोनी मले माहं काम सांगतलं नव्हतं, भाऊ."

भोयांकडून माशांच्या जुन्या जाळ्या आल्या, पंचायतीने दोर दिला. वस्तीतल्याच आठ जणांनी बांबू रोवले आणि एकशे दहा हात लांबीची जाळी दोन दिवसांत उभी केली. पाला कडुनिंबाचा घ्यावा असं पुंजाजीचं म्हणणं होतं. भगवंतरावांना एरंडी हवी होती, कारण ती नाल्याकाठी फुकट होती आणि पान मोठं असल्याने भिंत दाट दिसते.

"एरंडी दुपारलोक टिकत नाई, पाटील. मान टाकते."

"साहेब नवाले येऊन राहिले. दुपारी कोन पाह्यते तिले?"

जाळीच्या मधोमध दहा हातांचा तुकडा पुंजाजीने वेगळा ठेवला होता. त्याला वरून दोर होता आणि खाली एकच गाठ. तो कशाला, असं कोणी विचारलं तर तो सांगे की तोफेसमोरच्या जाळीत असा तुकडा ठेवावाच लागतो. तोफ डागायची असली की दोर ओढून तेवढा भाग वर घेतात. इथे तोफ नव्हती. पण शिकवलं तसंच त्याने केलं.

आणि मग त्याच्या हातून चूक झाली. भगवंतराव जाळी पाहायला आले आणि खूश झाले, तेव्हा एखादा निवांत तंबाखू मळत बसला असता. पुंजाजीने कामातली खोट दाखवली. रस्त्यावर उभा राहून तो म्हणाला, "जाळी झकास हाये, पाटील. पन वाट दिसते. आमाले पयल्याच दिवशी शिकवलं व्हतं. जाळी कितीबी चांगली करा, पायवाट चुगली करते. हे पाहा."

जाळीखालून एक पायवाट निघत होती. रस्ता ओलांडून ती नाल्यात उतरत होती. काळ्या मातीत ती पांढरट दिसत होती, दगडासारखी कडक. दोन-तीन पिढ्यांच्या बायांनी घागरी डोक्यावर घेऊन ती तुडवली होती. हिरव्या भिंतीत शिरणारी वाट पाहून आंधळ्यालाही संशय आला असता.

"मंग फौजेत काय करत व्हते?"

"येनं-जानं बंद. जाळी टाकली का कोनी त्या वाटेनं चालाचं नाई. वाटेवर माती पसरवाची."

भगवंतरावांनी मंगळवारी वाटेवर माती पसरवली आणि भीमनगरात निरोप धाडला. बुधवारी सकाळपासून समिती परत जाईपर्यंत कोणी बाई पाण्याला निघणार नाही. पुंजाजीनेच सांगितलं आहे, असा निरोपाचा शेवट होता.

त्याच मंगळवारी शाळा सुटल्यावर धर्मपाल गुरुजी पुंजाजीकडे आले. ते भीमनगरचेच, वस्तीतले पहिले मॅट्रिक. दीक्षेनंतर धर्माचा धर्मपाल असं नाव त्यांनी स्वतः बदलून घेतलं होतं. त्यांचं अक्षर वळणदार, म्हणून स्पर्धेचा तक्ता स्वच्छ उतरवून देण्याचं काम सरपंचांनी त्यांच्यावर टाकलं होतं. तक्त्यात एक रकाना होता : हरिजन वस्ती, घरसंख्या व पाण्याची सोय. त्यापुढे भगवंतरावांनी लिहिलं होतं, निरंक.

गुरुजींनी विचारलं होतं, "पाटील, एकतीस घरं हायेत."

"हायेत ना. पन तुमीच तं सांगता आमी हरिजन नाई, बौद्ध हावो. मंग मी खोटं कसं लिवू, गुरुजी? बौद्धाचा रकाना सरकारनं देल्ला नाई. त्याले मी काय करू?"

गुरुजींनी निरंक हा शब्द वळणदार अक्षरात उतरवून दिला. नोकरी जिल्हा परिषदेची, बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होऊ शकते, घरी म्हातारी आई. हे त्यांनी मला कारण म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं.

गुरुजींकडून हे ऐकून पुंजाजी तसाच भगवंतरावांकडे गेला. कागदावर वस्तीच नाही, तर पहिली विहीर खोदणार कुठे, एवढंच त्याने विचारलं.

"कागद येगळा, माहा शबूत येगळा," भगवंतराव म्हणाले. "आन् आता वाकडं जाऊ नको. जाळी तुह्याच हातची हाये."

बुधवारी समिती नऊला यायची होती. आम्ही मूर्तिजापूरच्या विश्रामगृहावर नऊला पोहे खाल्ले. मग वाटेतल्या एका गावी सत्कार झाला, दुसऱ्या गावी जेवण. जेवणात श्रीखंड होतं. समितीचे प्रमुख मोतीराम गावंडे यांनी जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटले. मी वेळा लिहून ठेवतो, म्हणून सांगू शकतो की उमरडोहच्या वेशीवर जीप दोन वाजून दहा मिनिटांनी पोचली.

तोपर्यंत भीमनगरात काय चाललं होतं हे मला पुंजाजीची बायको मैना हिने सांगितलं. पहाटे जाळीत एरंडीचा ताजा पाला गुंफून झाला. आदल्या संध्याकाळचं पाणी दहा वाजेपर्यंत संपलं. अकराला लेकरं रडू लागली. पंचफुला नावाची म्हातारी तापाने पडली होती, तिच्या कपाळावर ठेवायला ओली चिंधी नव्हती. भाकरी थापायला पीठ होतं, भिजवायला पाणी नव्हतं. जाळीच्या दोन्ही टोकांना सरपंचांचे गडी बसवले होते. मधल्या तुकड्याजवळ पुंजाजी स्वतः उभा होता, फौजेचा जुना पट्टा बांधून.

दीडच्या सुमारास मैना घागर घेऊन त्याच्यासमोर आली.

"हटा."

"थोडा वेळ. येतीनच आता."

"तुमी सांगतलं काय त्याईले, वाट बंद करा म्हनून?"

पुंजाजीने कमरेचा पट्टा सारखा केला.

"तुमच्या फौजेत पानी कोन भरे?"

"भिस्ती."

"मंग त्याले लपवत व्हते काय तुमी? का फकत तोफच लपवत व्हते?"

आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. एकजण म्हणाली, "मैनाबाई, नवऱ्याले कावून तोडतं? त्यानं तं पाटलाचं काम केलं." दुसरी म्हणाली, "त्याच्याचसाठी तोडून राहिली ना माय." हसू आलं ते तेवढंच. घागरी घेऊन सगळ्या तिथेच, जाळीच्या आतल्या अंगाला, उन्हात बसल्या.

आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा जाळीने मान टाकलेली होती. एरंडीची पानं भिजलेल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि त्यांचा फिकट मागचा भाग रस्त्याकडे आला होता. पानांमधून विटा, एक खाट, एक निळी पाटी असं तुकड्या-तुकड्याने दिसत होतं. जीप नेमकी पायवाटेवर उभी राहिली. पसरलेली माती वाऱ्याने उडाली होती.

गावंडे साहेबांनी वाटेकडे पाहिलं. मग ती जिथे जाळीत शिरत होती तिथे पाहिलं.

"ही वाट कुठे जाते?"

"वावरात, साहेब," भगवंतराव म्हणाले. "बैलं जातात."

साहेबांनी आणखी एकदा पाहिलं. बैलाच्या वाटेवर खूर असतात, तिथे पावसाळी चिखलात उमटून सुकलेले पायांच्या बोटांचे ठसे होते. हे त्यांना कळलं, असं मला त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसलं. त्यानंतर ते शाळेच्या दिशेला वळले आणि म्हणाले, "हिरवळ चांगली केली आहे." मलाही कळलं होतं. मी वहीत लिहिलं : हिरवळ चांगली.

विहिरीजवळ मांडव होता. टेबलावर झाकलेले पाण्याचे पेले होते, कडांना मणी लावलेल्या जाळीदार रुमालांनी झाकलेले. साहेबांनी पहिला पेला उचलला तेव्हा मागे रस्त्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

जाळीचा मधला तुकडा वर गेला होता. दोर पुंजाजीच्या हातात होता. खाली चाळीसएक बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, दाराशी लेकरं घेऊन, वस्ती.

बाया पायवाटेने निघाल्या. रस्त्यावर जीप आडवी होती, म्हणून थांबल्या. मैना थांबली नाही. ती जीपला वळसा घालून थेट मांडवात आली आणि तिने घागर टेबलावर पेल्यांच्या मधे ठेवली. घागर आदळली नाही. नीट, हळूच ठेवली.

"मैने, जरा दम धर," भगवंतराव म्हणाले. "साहेब बसेल हायेत."

"सकाळपासून धरूनच राहिलो, पाटील."

गावंडे साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"इथल्याच. या जाळीच्या मांगल्या."

"पाणी कुठून आणता?"

"रोज झिऱ्यावरून. आज कोठूनच नाई आनलं. आज तुमी येनार व्हते."

साहेबांच्या हातात पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला. तक्ता मागवला, रकाना शोधला, निरंक वाचलं. भगवंतरावांनी बौद्धांना रकाना नसल्याचं तेच कारण पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. धर्मपाल गुरुजी शाळेच्या मुलांच्या रांगेपुढे उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ही जाळी कोणी केली?"

"मी," पुंजाजी रस्त्यावरूनच म्हणाला. "नायक पुंजाजी शिरसाट."

"मग वर का घेतली?"

"वेळ झाली, साहेब."

साहेबांनी हुकूम दिला की आधी या घागरी भरा, मग पुढची तपासणी. सरपंचांचा गडी नत्थुजी पोहरा ओढू लागला. शेवटची घागर भरेपर्यंत समिती बसून राहिली, हे मी साहेबांच्या बाजूने लिहून ठेवतो. पण पुढचंही लिहायला हवं. बाया विहिरीपासून दहा पावलांवर उभ्या होत्या. घागर जमिनीवर ठेवून त्या मागे सरत, मग नत्थुजी पुढे येऊन वरून पाणी ओते, धार शिवू न देता. अंमलदार, शिक्षक, सरपंच, वार्ताहर, एवढे सगळे खुर्च्यांवर बसून हे पाहत होते. पोहरा त्यांच्या हातात द्या, एवढं म्हणायला साहेबांना पाच शब्दही लागले नसते. ते म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही.

तक्त्यातलं निरंक खोडून साहेबांनी लिहिलं : ३१ घरे, नवबौद्ध, पाण्याची सोय नाही, विहिरीची शिफारस.

मी अकोल्याला येऊन साठ ओळी लिहिल्या. मथळ्यात कॅमोफ्लाज हा शब्द होता. संपादक म्हणाले, हा शब्द वाचकाला कळणार नाही. मी म्हणालो, मजकुरात अर्थ दिला आहे. ते म्हणाले, मजकूरही लांब आहे. सरपंचांचे मेहुणे मूर्तिजापुरात आमच्या दैनिकाचे विक्रेते होते, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. छापून आलं ते असं : "रस्त्याकडेची हिरवी सजावट लक्षवेधक होती. समितीने महिलांच्या पाणीविषयक अडचणी ऐकून घेतल्या." उमरडोहला तिसरा क्रमांक मिळाला. पायवाटेवर भगवंतरावांनी माती पसरवली होती. आमच्या कचेरीत तेच काम लाल शाईने होतं.

शब्द कळणार नाही, हे मला लागलं होतं. पुढच्या रविवारी अमरावतीला गेलो असताना एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मोठे कोश काढून बसलो. इंग्रजांनी हा शब्द पहिल्या महायुद्धात फ्रेंचांकडून उचलला. त्याआधी फ्रेंच भाषेत तो वेष आणि चेहरा बदलणाऱ्यांचा शब्द होता, चोरांच्या बोलीत वावरलेला. त्याचं मूळ काहींच्या मते इटालियन आहे. पण त्याच्या घडणीवर आणखी एका जुन्या फ्रेंच शब्दाची छाया पडली असावी, असं कोशकार सांगतात. त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ होता झोपलेल्या माणसाच्या नाकाशी जळता कागद धरून फुंकलेला धूर. गंमत म्हणून. पुढे त्याचा अर्थ अपमान असाही झाला.

एप्रिलच्या शेवटी मी दुसऱ्यांदा उमरडोहला गेलो आणि पुंजाजीला हे सांगितलं. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं, चोरांचं ऐकून हसला, धुराचं ऐकून हसला नाही.

"आमच्या साहेबानं हे नाई सांगतलं," तो म्हणाला. "त्यानं सांगतलं, जे आपल्याले जपाचं हाये तेच झाका. मी दोन वर्षं तेच केलं. गावात येऊन काय केलं ते तुमी पाह्यलंच."

मैना चुलीशी होती. तिथूनच म्हणाली, "धूर झोपलेल्याच्या नाकात सोडतात ना? आमी कुठं झोपलो व्हतो?"

विहिरीचं काय झालं, असं मी विचारलं. धर्मपाल गुरुजींनी एक कागद आणून दाखवला. शिफारस पोचली होती. नवबौद्ध हे हरिजन या सदरात धरावेत किंवा कसे, याबाबत वरून खुलासा मागवला आहे, तो येईपर्यंत प्रकरण प्रलंबित. राज्य सरकारच्या सवलती नवबौद्धांना लागू होऊन तेव्हा वर्षं लोटली होती. कागद लिहिणाऱ्या कारकुनाला ते ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कागदाची वाट वस्तीने पाहिली नव्हती. घरांच्या मागे, गावठाणाच्या जागेत, एकतीस घरांनी पाळी लावून खोदायला घेतलं होतं. मी गेलो त्या दिवशी खड्डा अकरा हात खोल होता. खाली दोघं कुदळ मारत होते, वर चौघं मातीची टोपली ओढत होते. दोर जाळीचाच होता, तिपेडी वळलेला. बांबू काठाला आडवे लावले होते. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून एरंडीचा पाला एका बाजूला वाळत पडला होता.

त्या दुपारी, पुंजाजी आपल्या पाळीला खाली उतरला असताना, कोतवाल ग्रामपंचायतीची नोटीस घेऊन आला. पंचायतीच्या मालकीचा दोर, अंदाजे एकशे वीस हात, आठ दिवसांत जमा करावा, अन्यथा कारवाई होईल. खाली भगवंतरावांची सही.

"वाचा पुन्हा," खड्ड्यातून पुंजाजीचा आवाज आला.

गुरुजींनी पुन्हा वाचली.

"लिवा उत्तर."

धर्मपाल गुरुजी जमिनीवर बसले, मांडीवर पाटी घेतली, पाटीवर कागद ठेवला. पुंजाजी खालून सांगत होता, गुरुजी त्याचं सरकारी मराठी करत होते. उत्तर चार ओळींचं झालं. दोर मिळाला आहे. दोर वापरात आहे. पाणी लागेपर्यंत तो परत करता येत नाही. सरपंचांनी केव्हाही येऊन प्रत्यक्ष पाहणी करावी, मधे जाळी नाही.

खाली पुंजाजीचा अंगठा घ्यायचा की सही, असं कोतवालाने विचारलं. पुंजाजीला सही येत होती, फौजेत शिकला होता. पण तो अकरा हात खाली होता. गुरुजींनी त्याच वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि शाळेचं नाव लिहिलं.